किरकोळ धडकेनंतर गाडीची दुरुस्ती: पुणेकर गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला मागून टेकलेली गाडी, सोसायटीच्या खांबाला घासलेला दरवाजा, चांदणी चौकात लेन बदलताना चेपलेला फेंडर. कुणाला लागलेलं नाही, गाडी सुरू होते, पण पुढे काय करायचं ते सुचत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे आणि नियम खासगी चारचाकीचे आहेत.

१. धडक झाली. पहिल्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं?

आधी कुणाला लागलंय का ते बघा. लागलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. नसेल तर गाडी हलवण्यापूर्वी फोटो काढा. दोन्ही नंबरप्लेट एकाच फोटोत येतील असा एक, रस्ता आणि गाड्यांची दिशा दिसेल असा लांबून एक, मग मोडलेल्या भागाचे जवळून. समोरच्याचं लायसन्स आणि विम्याचा कागद यांचेही फोटो घ्या. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवले तरी चालतात.

अपवाद बायपासचा. नवले पुलाच्या उतारावर किंवा कात्रज बोगद्याच्या तोंडाशी फोटोसाठी थांबू नका. मागून येणाऱ्या ट्रकला उतारावर ब्रेक लावायला जागा मिळत नाही. हॅझर्ड लावून गाडी कडेला घ्या, माणसं कठड्यापलीकडे उभी करा आणि फोटो मग काढा.

२. पोलिसांत जावंच लागतं का?

फक्त पत्रा चेपला असेल आणि दोघांमध्ये वाद नसेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमसाठी विमा कंपन्या साधारणपणे एफआयआर मागत नाहीत. कुणाला इजा झाली असेल तर मात्र पर्याय नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. कुणाची भिंत, गेट किंवा टपरी मोडली असेल, किंवा समोरचा तुमच्यावर दावा करेल असं वाटत असेल, तरी नोंद करून ठेवा.

३. समोरचा म्हणतो, "जाऊ द्या ना, इथेच मिटवू." पैसे घ्यावेत का?

घ्यायला हरकत नाही, पण रस्त्यावर उभ्या-उभ्या आकडा ठरवू नका. बंपरवरचा ओरखडा दोन हजारांचा वाटतो आणि आत हेडलाइटची कडी तुटलेली निघते (प्रश्न ५ पहा). "गॅरेजचं एस्टिमेट आल्यावर सांगतो" असं म्हणून नंबर घ्या आणि घडलेली गोष्ट दोन ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. समोरच्याचं "हो" आलं की पुरावा झाला. पैसे रोख घेण्यापेक्षा यूपीआयने घ्या. एकाच नुकसानीचे पैसे समोरच्याकडूनही घ्यायचे आणि विम्यातूनही, हे मात्र चालत नाही.

चूक तुमची असेल तर वेगळी काळजी घ्या. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये किंवा भरपाईचं आश्वासन देऊ नये, अशी अट पॉलिसीत असते. दीड-दोन हजारांत मिटत असेल तर कुणी ती अट काढून बसत नाही. समोरची गाडी महागडी असेल किंवा कुणाला लागलं असेल, तर "सगळा खर्च मी देतो" असं लिहून देऊ नका.

४. गाडी तशीच चालवत घरी किंवा गॅरेजला नेली तर चालेल का?

इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि गाडीखाली वाकून बघा. एसीचं पाणी रंगहीन असतं. हिरवा, गुलाबी किंवा निळसर चिकट द्रव म्हणजे कूलंट, आणि कूलंट गळत असेल तर गाडी चालवायची नाही. वाकडमधून कोथरूडला येईपर्यंत तापमानाचा काटा चढतो, आणि हेड गॅस्केट गेलं की किरकोळ धडकेचं बिल मोठं होतं.

मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का ते पहा. बोनट नीट लॉक होत नसेल तर चालवू नका. वाऱ्याच्या दाबाने ते उघडून काचेवर आपटतं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहिला असेल, किंवा सीटबेल्ट ओढला जात नसेल (धडकेत बेल्ट आवळणारा त्याचा प्रीटेन्शनर फुटलेला असतो), तर गाडी टोचन लावून नाही, फ्लॅटबेडवरच (गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) न्या. ऑटोमॅटिक, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाही फ्लॅटबेडच हवा. चाकं रस्त्यावर फिरत ओढल्यास गिअरबॉक्स किंवा मोटर खराब होते. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर आधी तो नंबर लावा.

५. वरून नुसता ओरखडा दिसतोय. आत काही झालं असेल का?

होय, आणि बिल ठरतं ते आतल्या नुकसानीवर. बाहेर दिसतो तो बंपर म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं लवचिक आवरण. दाब पडला की ते आत जातं आणि परत बाहेर येतं. त्याच्यामागे फोमचा शोषक आणि धातूचा बीम असतो. काही लहान गाड्यांना मागच्या बाजूला हा बीम नसतोही. पुढच्या बाजूला बीमच्या लगेच मागे एसीचा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर. कंडेन्सरला बारीक चीर गेली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. आठवड्याने एसी थंड होईनासा होतो आणि तोवर धडकेशी संबंध जोडणं अवघड होतं.

घरी करता येणारी तपासणी अशी. बोनट आणि फेंडर यांच्यामधली फट डावी-उजवीकडे सारखी आहे का, ते बोट फिरवून पहा. हेडलाइट हाताने हलवून पहा. हलत असेल तर त्याच्या कड्या तुटल्या आहेत. मागून धडक बसली असेल तर डिकीतला गालिचा आणि स्टेपनी काढून खालचा पत्रा पहा. तिथे सुरकुती पडली असेल किंवा जोडावरचं सीलंट तडकलं असेल, तर धक्का बंपरवर थांबलेला नाही. जूनमध्ये त्याच जागेतून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं. चाकाला मार बसला असेल तर अलाइनमेंट तपासून छापील रिपोर्ट घ्या.

६. "फुल इन्शुरन्स" आहे, तरी बिलातले पैसे का कापतात?

तीन कात्र्या लागतात. पहिली सक्तीची वजावट: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे १,००० रुपये, त्यावर २,०००. प्रीमियम कमी करायला तुम्ही ऐच्छिक वजावट घेतली असेल तर ती वेगळी.

दुसरी घसारा, म्हणजे वापरामुळे भागांची घटलेली किंमत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३०, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा लागतो. मजुरीवर घसारा नाही.

तिसरी किरकोळ साहित्य: क्लिपा, नट-बोल्ट, कूलंट, ऑइल. कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन (जादा प्रीमियम भरून घेतलेलं कव्हर) नसेल तर हे तुमच्या खिशातून जातं.

समजा साडेचार वर्षांची, १,२०० सीसीची गाडी आहे. बंपर ६,०००, पत्र्याचा फेंडर ३,०००, रंग ५,०००, मजुरी १,५००. कर बाजूला ठेवून एकूण १५,५००. बंपरवर ३,०००, फेंडरवर १,०५०, रंगावर ६२५ आणि वजावटीचे १,००० असे ५,६७५ तुमचे. कंपनी देणार ९,८२५.

७. मग क्लेम करावा की खिशातून द्यावेत?

पेचाचा प्रश्न हाच आहे. एक क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी टक्केवारीची सवलत) शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या चढाव्या लागतात. लोक फक्त पुढच्या वर्षीचा तोटा मोजतात. खरा तोटा पाच नूतनीकरणांवर पसरलेला असतो.

पॉलिसीत "ओन डॅमेज" (स्वतःच्या गाडीचं नुकसान) प्रीमियमचा आकडा शोधा, बोनस वजा होण्यापूर्वीचा. थर्ड पार्टीच्या (समोरच्याच्या नुकसानीच्या) रकमेवर बोनस नसतोच. आज तुमचा बोनस ५० टक्के असेल, तर एका क्लेममुळे पाच वर्षांत त्या आकड्याच्या एकूण १२५ टक्के जातात (५०, ३०, २५, १५ आणि ५). आज २५ टक्के असेल तर १०५ टक्के. बोनस अजून सुरूच झाला नसेल तर ५० टक्के.

वरच्या उदाहरणात ओन डॅमेज प्रीमियम १२,००० आणि बोनस २५ टक्के धरला, तर तोटा १२,६००. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) उतरते तसा प्रीमियमही दरवर्षी दहाएक टक्क्यांनी घटतो असं मानलं, तरी तोटा ११,००० च्या आसपास राहतो. कंपनी देणार ९,८२५. म्हणजे हा क्लेम तोट्याचा.

आमचं मत स्पष्ट आहे: एक-दोन पॅनलचं डेंटिंग-पेंटिंग खिशातून करा आणि क्लेम हेडलाइट, रेडिएटर, बीम, एअरबॅग अशा खर्चांसाठी राखून ठेवा. तीन गोष्टींनी गणित उलटतं: बोनस प्रोटेक्ट ॲड-ऑन असेल, याच पॉलिसी वर्षात आधीच एक क्लेम झाला असेल (बोनस गेलेलाच आहे), किंवा गाडी लवकरच विकायची असेल आणि दुसरी घ्यायचीच नसेल. गाडी विकून नवी घेणार असाल तर बोनस जपा. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि नव्या गाडीला लावता येतो.

८. झिरो डेप घेतलंय. आता प्रत्येक ओरखड्याला क्लेम करू का?

झिरो डेप म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन. त्यामुळे प्रश्न ६ मधली फक्त दुसरी कात्री जाते. वजावट राहते आणि बोनसही जातोच. शिवाय बऱ्याच पॉलिसींमध्ये वर्षाला दोनच झिरो डेप क्लेमची मर्यादा असते.

९. कंपनीचं सर्व्हिस सेंटर की नेहमीचं गॅरेज?

क्लेम करणार असाल आणि कॅशलेस (कंपनीने बिल थेट गॅरेजला देणं) हवं असेल, तर विमा कंपनीच्या यादीतलंच वर्कशॉप घ्यावं लागतं. यादीबाहेरच्या गॅरेजमध्येही क्लेम मिळतो, पण आधी तुम्ही पैसे भरायचे आणि जीएसटी बिल जोडून परतावा घ्यायचा. कच्च्या चिठ्ठीवर परतावा मिळत नाही.

खिशातून करणार असाल तर कामाचा प्रकार पहा. एअरबॅग, सेन्सर, वेल्डिंग किंवा वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटर. साधा डेंट आणि टचिंग असेल, तर पेंट बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) असलेलं मल्टिब्रँड गॅरेज निम्म्याच्या आसपास खर्चात तितकंच काम करू शकतं. बूथ आहे का, हे जाऊन डोळ्यांनी पहा. रस्त्याकडेला उघड्यावर मारलेल्या रंगात धूळ बसते, आणि पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पांढुरका पडतो. एस्टिमेट दोन ठिकाणी घ्या आणि त्यात भाग, मजुरी आणि रंग वेगळे लिहून मागा. सुटे भाग नाना पेठेतून स्वतः आणून दिले तर स्वस्त पडतं हे खरं, पण बंपर आणि हेडलाइट अस्सल नसेल तर फटी जुळत नाहीत आणि फिटिंगची जबाबदारी गॅरेजवाला घेत नाही. आरसा, मडफ्लॅप, क्लिपा यांसाठी पेठेत खुशाल जा.

१०. बंपर दुरुस्त करायचा की नवा टाकायचा?

मधल्या भागात चीर असेल तर प्लास्टिक वेल्डिंगने काम होतं. कडेच्या कड्या, म्हणजे जिथे बंपर फेंडरला अडकतो ते कान, तुटले असतील तर नवाच टाका. चिकटवलेले कान महिन्याभरात स्पीडब्रेकरच्या हादऱ्यांनी सुटतात आणि बंपर एका बाजूला लोंबतो.

गडबड होते ती पुट्टीची. पत्र्याची कडक पुट्टी बंपरवर जाड थापली की बंपर वाकतो, पुट्टी वाकत नाही, आणि तडा जातो. रंगाआधी प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर हवा. तो टाळला तर प्रेशर वॉशरखाली रंगाच्या पापड्या निघतात. एस्टिमेटमध्ये "प्लास्टिक प्रायमर" लिहिलंय का, ते विचारा.

११. रंग न मारता डेंट निघतो का?

रंग तडकला नसेल आणि पत्र्याला घडी पडली नसेल, तर निघतो. आतून सळ्यांनी ढकलून किंवा बाहेरून गोंदाने ओढून पत्रा मूळ जागी आणतात. दरवाजाच्या मध्यावर सहज होतं. पॅनलच्या कडेवर आणि दुहेरी पत्र्यावर होत नाही. मूळ रंग टिकतो, म्हणून शक्य असेल तिथे पहिली पसंती याला द्या.

१२. एकच दरवाजा रंगवला तर फरक दिसेल का?

पांढऱ्या सपाट रंगात सहसा नाही. सिल्व्हर, राखाडी आणि पर्ल रंगांत दिसतो, कारण त्यातल्या चमकदार चकत्या स्प्रे गनच्या दाबाप्रमाणे वेगळ्या बसतात. उपाय म्हणजे ब्लेंडिंग: शेजारच्या पॅनलवर रंग विरळ करत नेणं आणि क्लिअर कोट पूर्ण पॅनलवर मारणं. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो. बहुतेकदा दरवाजाच्या चौकटीत किंवा बोनटखाली. तपासणी उन्हात करा, शोरूमच्या ट्यूबलाइटखाली नाही. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स लावू नका.

१३. सर्व्हे झाला, गाडी उघडली आणि आत आणखी मोड निघाली. आता?

काम थांबवायला सांगा आणि पुरवणी सर्व्हे मागा. सर्व्हेअरने (नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेल्या माणसाने) न पाहिलेला भाग बदलून टाकला तर तो नामंजूर होतो. जुना भागही त्याने पाहीपर्यंत जपून ठेवायला सांगा. सर्व्हेच्या आधी गाडी उघडणं हीसुद्धा तीच चूक.

१४. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकून गेलं. माझी चूक नाही, तरी बोनस जाणार?

जाणार. आपल्याकडे ओन डॅमेज क्लेममध्ये चूक कुणाची हे पाहून बोनस वाचत नाही. ठोकणाऱ्याचा नंबर सीसीटीव्हीत मिळाला, तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते. मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारणपणे साडेसात लाख असते. पण त्यासाठी पोलीस नोंद आणि शिवाजीनगर कोर्टातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करावा लागतो. दहा हजारांच्या डेंटसाठी त्या फेऱ्या कुणी मारत नाही. सोसायटीच्या कमिटीकडून फुटेज मात्र लगेच घ्या. बहुतेक यंत्रणा जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसतात.

१५. जुने ओरखडेही याच क्लेममध्ये बसवता येतील का?

नाही. सर्व्हेअर दिशा आणि गंज पाहतो. पुढच्या धडकेने मागचा दरवाजा चेपत नाही. वेगळ्या प्रसंगाचं नुकसान म्हणजे वेगळा क्लेम आणि वेगळी वजावट. "सर, आम्ही ॲडजस्ट करून देतो" म्हणणाऱ्या गॅरेजचं ऐकून खोटी तारीख लिहिली, तर पूर्ण क्लेम जाऊ शकतो.

१६. गाडी भाचा चालवत होता. क्लेम मिळेल?

चालक कोण, याने फरक पडत नाही. त्याच्याकडे त्या वर्गाचं वैध लायसन्स हवं. लर्निंग असेल तर शेजारी पक्कं लायसन्सधारक बसलेला आणि गाडीवर "एल" हवा. दारू पिऊन चालवत असेल किंवा खासगी गाडी भाड्याने फिरवत असेल, तर क्लेम नाही.

१७. सीएनजी गाडीला मागून धडक बसली. वेगळं काही पाहायचं?

डिकीतल्या टाकीचे पट्टे आणि त्यांचे बोल्ट सैल झालेत का, पाईप चेपलाय का, व्हॉल्व्हपाशी वास येतो का ते पहा. वास आला तर टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, आतला दिवा किंवा स्विचही लावू नका, आणि अधिकृत सीएनजी केंद्रातून तपासणी होईपर्यंत गाडी पेट्रोलवरही चालवू नका. किट बाहेरून बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंदलेलं हवं. नसेल तर क्लेम अडकतो, मग धडक पुढून का असेना.

१८. गाडीत रडार आणि कॅमेरा आहे. बंपर बदलला तर ते चालतील?

पुन्हा कॅलिब्रेट केले, म्हणजे त्यांचा नेम नव्याने जुळवला, तरच भरवसा. रडार बऱ्याचदा पुढच्या लोगोमागे किंवा बंपरच्या आत असतं, आणि त्याच्यासमोर पुट्टी किंवा जाड मेटॅलिक रंग आला की त्याला नीट दिसत नाही. पुढची काच बदलली तर कॅमेराही कॅलिब्रेट करावा लागतो. हा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळा लिहून घ्या, नाहीतर काम झाल्यावर तो तुमच्या नावावर येतो. साध्या पार्किंग सेन्सरवर रंगाचा जाड थर बसला तरी ते उगाच बीप करत राहतात.

१९. फक्त थर्ड पार्टी विमा आहे.

तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही. प्रश्न ९ ते १२ तुमच्यासाठी आहेत. पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: आधी गळती, दिवे आणि चाकं, मग उघडा पडलेला पत्रा, किमान प्रायमर मारून, पावसाच्या आत, शेवटी रंग.

२०. कळवायला दहा दिवस उशीर झाला, म्हणून क्लेम नाकारला. काय करता येईल?

केवळ उशीर हे खऱ्या क्लेमला नकार देण्याचं कारण असू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना बजावलं आहे. उशिराचं कारण लेखी द्या, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचं पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, मात्र नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते.

नकाराचं कारण "मागच्या कंपनीत क्लेम केलेला असताना बोनस घेतला" असं असेल, तर बाजू कमकुवत असते. कंपनी बदलताना एजंटने परस्पर टिक केलेली असली, तरी माहिती तुमच्याच नावावर दिलेली असते. म्हणून नवी पॉलिसी हातात आली की बोनसची टक्केवारी त्याच दिवशी तपासा. चुकीची असेल तर फरकाचा प्रीमियम भरून ती धडकेच्या आधी दुरुस्त करून घेता येते.